धाकट्या गावापासून थोरल्या गावापर्यंत

मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घर बघून यायचं, ही आमच्या कोल्हापूरकडची रीत. घर बघायचं म्हणजे नुसत्या भिंती बघायच्या नाहीत. उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकतं का, गोठ्यात जनावरं किती, धान्याची कणगी भरलेली आहे की आज पाहुणे येणार म्हणून शेजारची आणून ठेवली आहे, हे सगळं बघायचं. जाता जाता शेजाऱ्याकडं तंबाखू मागायची आणि पोरगा कसा आहे ते सहज म्हणून काढून घ्यायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरायची वेळ आली तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ही रीत पाळायचा हट्ट धरला. अडचण एवढीच होती की जे घर बघायचं ते उत्तर ध्रुवाच्या अंगाला होतं.

मुलगा मूळचा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचा. वडील लहानपणीच गेले, थोरल्या भावानं शेती करून त्याला शिकवलं. लढाईच्या दिवसांत तो फौजेत बिनतारी यंत्राचं काम शिकला आणि पुढं कसा कसा कॅनडात जाऊन पोचला. तिथं पार उत्तरेला, जिथं झाड म्हणून उगवत नाही, अशा एका विमानतळावर त्याला नोकरी मिळाली. विमानतळ म्हणजे काय, तर बर्फ दाबून केलेली एक लांब पट्टी, दहाबारा लाकडी घरं आणि तेलाच्या पिंपांची रांग. चार वर्षांनी तो रजेवर आला होता. लग्न करून बायकोला घेऊन जायचं, आणि ते पावसाळ्याच्या आत, असा त्याचा बेत होता.

त्या विमानतळाचं नाव आमच्या घरात कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. आईनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा तिला ठसका लागला. मग तिनंच तोडगा काढला. तो राहतो ते धाकटं गाव, आणि जिथं मोठं विमानतळ आणि दवाखाना आहे ते थोरलं गाव. पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरात ध्रुवाकडची ती दोन ठिकाणं याच नावांनी चालली, जशी काही ती पंचगंगेच्या काठावरच वसलेली होती.

बघण्याचा कार्यक्रम आमच्या बाहेरच्या खोलीत झाला. अक्का पोहे ठेवून आत गेली आणि दाराआड माझ्या शेजारी उभी राहिली. आबांनी रीतीप्रमाणं एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली. शेती किती, भाऊ किती, आजारपण काही आहे का. मग एकदम विचारलं, "दारू घेता काय?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या जगात एकच असतं. पण हा माणूस म्हणाला, "घेतो की. थंडी लई पडली की घेतो. रोज न्हाय."

त्याच्या थोरल्या भावाला खोकला आला. आईनं पदर तोंडाला लावला. आबा पुढच्या प्रश्नाकडं वळले. त्यांना ते आवडलं होतं हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं.

"पाणी कुठनं आणता?"

"बर्फ वितळवून घेतो, मामा."

"म्हंजे पाण्याला लांब जावं लागत न्हाय," आई दारातून म्हणाली. तेवढा एक गुण त्या स्थळाला मिळाला. पुढं तो म्हणाला की हिवाळ्यात तिकडं दोन महिने सूर्य उगवतच नाही, तेव्हा आईनं विचारलं, "मग तिन्हीसांजेचा दिवा कवा लावायचा?" यावर त्यानं खरंच विचार केला आणि म्हणाला, "घड्याळ बघून लावायचा, मावशी." आईला ते उत्तर पटलं.

खरा प्रश्न आईनंच विचारला. "बाळंतपण आलं, पोर आजारी पडलं, तर दवाखाना किती लांब?"

आमच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. मुलगा उठला, त्यानं आबांकडून पेन्सिल मागून घेतली आणि नकाशाच्या अगदी माथ्याशी दोन टिंबं काढली. एक धाकटं गाव, एक थोरलं गाव. "मधी साडेनऊशे मैल. विमानाला सहा तास लागत्यात. पण—"

"सहा तास!" आबा त्याला मधेच तोडून म्हणाले. "अवो, पावसाळ्यात चंदगडला जायला आमच्या गाडीला सहा तास पुरत न्हाईत!" सगळे हसले, आणि त्याचं 'पण' हसण्यात बुडून गेलं.

पाहुणे गेले. आबांनी फडताळातून दोऱ्याचं रीळ काढलं.

इथं आबांविषयी सांगायला हवं. ते एस.टी.त कारकून होते, पण त्याआधी बरीच वर्षं एका खाजगी मोटार सर्व्हिसमध्ये टाइमकीपर होते, आणि त्यांचा पिंड तिथंच घडलेला. गाडी कुठून किती वाजता सुटली, कुठं किती वाजता पोचली आणि मधला वेळ कुठं मेला, हे शोधणं त्यांचं काम. ड्रायव्हर म्हणायचा, टायर फुटला. आबा म्हणायचे, "टायर फुटला तर हाताला भज्यांचा वास कसा?" रस्ता किती मैल, घाट किती, यावरून ते घरबसल्या माणसाचं खोटं पकडायचे. मैल खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते आम्हाला जेवताना, झोपताना, परीक्षेचा निकाल लागताना कधीही ऐकावं लागे.

नकाशाही त्यातलाच. लढाई चालू असताना त्यांनी तो आणला. एका भिंतीला देवांच्या तसबिरी आणि समोरच्या भिंतीला जग. पेपरात फौजा कुठवर आल्याची बातमी यायची, की आबा दोरा घेऊन जगापुढं उभे. कुठून कुठं किती मैल आणि ट्रक तिथवर कधी पोचतील, याचा अंदाज ते गल्लीला ऐकवायचे आणि तो पुष्कळदा बरोबर निघायचा. लढाई संपली, पुढं आमचं संस्थान मुंबई इलाख्यात गेलं, नकाशाच्या घड्या फाटल्या, त्याला मागून खळ लावून कापड चिकटवावं लागलं, पण भिंतीवरून तो उतरला नाही.

तर त्या संध्याकाळी आबांनी दोन टिंबांच्या मधे दोरा ताणला, चिमटीत धरला आणि नकाशाच्या तळाशी छापलेल्या मैलांच्या पट्टीवर आणून ठेवला. पट्टी संपली, दोरा उरला. पुन्हा ठेवला. पुन्हा उरला. आबांचा चेहरा बदलत गेला. "पावणेतीन हजार," ते म्हणाले.

"नीट बघा की," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग खुर्चीवर बसले. "शंभर-दोनशेचा फरक असता तर मी सोडून दिलं असतं. माणसाचं चुकतं. पण तिपटीनं चुकत न्हाय. तिपटीनं लपवत्यात."

मग त्यांनी त्या विमानाचं एस.टी.सारखं वेळापत्रकच मांडलं. पावणेतीन हजार मैल म्हणजे सतरा-अठरा तास नुसते उडायचे. मधे पेट्रोल घेणार, चालक जेवणार, कुठंतरी मुक्काम करणार. धरा दोन दिवस. "बाई अडली तर दोन दिवस काय करायचं? आणि लांब असतं तरी मी एकवेळ बघितलं असतं. पण त्यो आपल्या घरात बसून, आपले पोहे खाऊन खोटं बोलला. लांबचा जावई परवडंल, खोटा न्हाय परवडत."

अक्का दाराशी उभी होती.

चारपाच दिवसांनी मुलाचा थोरला भाऊ विचारायला आला. धोतराचा सोगा सावरत बसला, आईनं चहा ठेवला. "काय ठरलं, पावणं?"

आबांना आडून बोलणं कधी जमलंच नाही. "ठरायचं काय? तुमचा भाऊ साडेनऊशे मैल म्हणाला. हितं पावणेतीन हजार भरत्यात. मोजून बघा." आणि त्यांनी दोरा त्याच्यापुढं धरला.

भावानं दोऱ्याकडं बघितलं नाही. तो आबांकडं बघत होता. "माझा भाऊ खोटं बोलला म्हणतासा?"

"नकाशा म्हणतोय."

"नकाशा तुमचा हाय. भाऊ माझा हाय." तो उठला. "पोरगी द्या, नका देऊ. पण आमच्या घरात खोटं बोलायची चाल न्हाय, एवढं ध्यानात ठेवा." आणि तो चहा तसाच ठेवून निघून गेला.

कोल्हापुरात पाहुणा चहा न घेता उठला, तर ते भांडणाच्या वरचं समजायचं. कपावर साय धरली होती. आईनं कप उचलला आणि आत नेला.

अक्का तेव्हा तेवीस वर्षांची होती. त्या काळात तेवीस म्हणजे गल्लीतल्या बायकांना बोलायला विषय. ती मॅट्रिक झालेली होती आणि घरी शिवणाचं मशीन चालवायची. झबली, टोपडी, चोळ्या, शाळेचे फ्रॉक, सगळं तिच्याकडं यायचं. पाहुणा उठून गेल्यावर दोन दिवस मशीन सारखं चालू होतं. तिसऱ्या दिवशी तिनं पाय थांबवला आणि मला जवळ बोलावलं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि घरातल्या सगळ्या गोष्टींवर माझं मत असायचं, पण त्या दिवशी मी नुसतं ऐकलं.

"मला त्यो माणूस आवडलाय," ती म्हणाली. असं स्पष्ट बोलणं आमच्या घरात आबांखेरीज कुणी करत नसे. "आबांच्या तोंडावर दारू घेतो म्हणून सांगणारा माणूस मैल कशाला चोरंल गं? मैल चोरून त्याला काय मिळणार हाय? बायको तिथं गेल्यावर तिला कळणारच की."

ती नकाशापुढं जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. "हे वरचं पांढरं बेट बघ. आपल्या हिंदुस्थानापेक्षा केवढं थोरलं दाखवलंय. माझ्या वेळंला शाळंत बाईंचा पृथ्वीचा गोल हुता, त्याच्यावर हे एवढं नव्हतं. मला याद हाय. गोल हाय का अजून?"

गोल होता. भूगोलाच्या बाईंच्या कपाटात. इन्स्पेक्टर यायचे असले की तेवढा बाहेर यायचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अक्का आली. बाईंनी तिला शिकवलं होतं, त्यामुळं फार सांगावं लागलं नाही. त्यांनी गोल काढला, पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला. नकाशाच्या कडेचे अक्षांश-रेखांशांचे आकडे अक्कानं पाठ करून आणले होते. तिनं गोलावर ती दोन ठिकाणं शोधली, तिथं बोटं ठेवायला मला सांगितलं आणि मधे शिवणाचा दोरा ताणला. दोरा ताणला तसा तो आडवा न राहता आपसूक ध्रुवाच्या बाजूला सरकला.

मग तो दोरा तसाच चिमटीत धरून तिनं हिंदुस्थानावर आणला. गोलावर कोल्हापूर नव्हतंच. मुंबईच्या खाली अंदाजानं एक टोक धरलं, दुसरं टोक हरिद्वारापाशी गेलं.

"म्हणजे झाले की नऊशे-साडेनऊशे मैल," बाई म्हणाल्या.

अक्का बाकावर बसली. मग बाईंनी सगळं समजावलं. पृथ्वी गोल, कागद सपाट. आपल्या घरी आहे तसल्या नकाशात वरचा भाग ताणून रुंद करतात, जितकं ध्रुवाजवळ जावं तितका जास्त. आणि तळाशी छापलेली मैलांची पट्टी विषुववृत्ताजवळच खरी. अक्कानं मान हलवली. "टोपडं उसवल्यासारखं," ती म्हणाली. "वरच्या चुण्या सोडल्या की कापड रुंद होणारच." बाईंना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी मुलींना शिकवताना त्यांनी खरंच एक टोपडं वर्गात नेलं होतं.

बाईंनी सोमवारपर्यंत गोल घरी न्यायला दिला. रस्त्यानं गोल अक्कानंच उचलून घेतला होता. खासबागेपाशी आल्यावर एकदाच म्हणाली, "खरं बोललाय गं त्यो." तिचा चेहरा उजळलेला होता.

आबा सहजासहजी ऐकणारे नव्हते. त्यांनी गोल पाटावर ठेवला आणि रविवारची सगळी सकाळ नकाशा आणि गोल यांची जुंपून दिली. आधी मुंबई ते दिल्ली. दोन्हीकडं फारसा फरक नाही. मग कलकत्ता ते रंगून. तिथंही जुळलं. आबांच्या चेहऱ्यावर विजय दिसायला लागला. मला आता कळतं, त्यांचा नकाशावर विश्वास का बसला होता ते. सगळी लढाई त्यांनी मोजली ती ब्रह्मदेशात आणि आफ्रिकेत, आणि तिथं नकाशा त्यांना कधी फार फसवत नव्हता. त्याच्या माथ्याकडं जायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. मग त्यांनी दोरा वर नेला. त्या दोन टिंबांपाशी. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी त्या पोराला खोटं म्हणालो," ते म्हणाले.

आई चुलीपुढून उठून दारात आली. "मग हितं बसून कुणाला सांगतासा? तोंडानं बोललासा, आता तोंडानंच मिटवा. जावा."

अक्कानं जाणं रीतीत बसत नव्हतं. म्हणून गोल धरायला मी गेले. आबांनी तो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला होता. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय ओ पावणं? कलिंगड?"

"पृथ्वी हाय," आबा म्हणाले. थट्टा करायच्या मनःस्थितीत ते अजिबात नव्हते.

"मग जपून धरा की," म्हातारा म्हणाला आणि त्यानं पाय आवरून घेतले.

गडमुडशिंगीला थोरला भाऊ गोठ्यापुढं उभा होता. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. आबा स्वतःच जोत्यावर बसले. "त्या दिवशी आमच्या घरचा चहा तुम्ही घेतला न्हाईसा," ते म्हणाले. "आज मी तुमच्या घरात मागून पितो. चहा सांगा." आमच्याकडं याच्या पुढची माफी नसते. तरी आबांनी पुढची पण मागितली. मुलगा मागच्या दारानं आला तेव्हा ते उठून उभे राहिले. "मी चुकलो. तू खरं बोललास. नकाशा बघून मी तुला खोटं ठरवलं." आणि त्यांनी लुगडं सोडून गोल त्याच्यापुढं ठेवला, जणू तो साक्षीदार होता.

भावाचा राग तेवढ्यानं उतरला. त्यानं चहा सांगितला, गुळाचा. आता सगळं गोड होणार असं मला वाटलं. पण आबांच्यातला टाइमकीपर जागा होता.

"त्या दिवशी तू 'पण' म्हणालास आणि मी तुला तोडलं," ते म्हणाले. "त्या 'पण'च्या पुढं काय हुतं?"

मुलानं चहाचा कप खाली ठेवला. "पण हवा असली तर, मामा. सहा तास खरं हायत. पर हिवाळ्यात वारं सुटलं की विमान उतरतच न्हाय. कवा दोन दिवस, कवा दहा-दहा दिवस. एकदा तर पंधरवडा आलं नव्हतं."

आबांनी दोन दिवसांना नकार दिला होता. आता पंधरा दिवस समोर आले, आणि तेही खरे. "मग बाळंतपण?"

"दोन महिने आधी थोरल्या गावाला नेऊन ठेवायचं. तिथं समदे तसंच करत्यात. डॉक्टर चांगला हाय. पर एकाएकी काय झालं तर देवावर हवाला, मामा. मी काय वचन देऊ?"

गोठ्यात म्हैस शेपटी झाडत होती. थोरल्या भावानं खाली बघितलं. इतकं सांगायची काही गरज नव्हती, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आबांनी गोल हळूहळू फिरवला, कॅनडापासून कोल्हापूरपर्यंत. "आणि तिथनं हितं?"

"बोटीनं दीड महिना. त्याच्या आधी धाकट्या गावातनं निघायला कवा जमंल ते हवेवर."

"तार कवा पोचंल?"

"तार पोचंल एका दिवसात. बिनतारीवर मीच बसतोय."

आबांनी गोलावरचा हात काढला. मग अगदी साध्या आवाजात, गाडी वेळेवर आली का विचारावं तसं विचारलं, "म्हंजे माझ्या मातीला ती यायची न्हाय."

मला वाटलं तो म्हणेल, बघू मामा. म्हणेल, असं अभद्र कशाला बोलतासा. म्हणेल, तुम्ही शंभर वर्षं जगा. यातलं काहीही चाललं असतं. अशा वेळी कुणी खोटं बोललं तर त्याला खोटं म्हणत नाहीत. पण त्यानं आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "न्हाय, मामा. यायची न्हाय."

थोरला भाऊ उठून गोठ्यात गेला. आबा उरलेला चहा प्याले. कप उपडा करून ठेवला. "माझ्याकडनं व्हय," ते म्हणाले. "पर हे समदं मी जसंच्या तसं तिला सांगणार. मग ती म्हणंल ते."

आणि त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर पाय धुतले, अक्काला पुढं बसवलं आणि सगळं सांगितलं. विमान अडकतं ते, दोन महिने आधी एकटीनं जाऊन राहायचं ते. अक्का मान हलवत ऐकत होती, तिचं सगळं ठरलेलंच होतं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगितलं. अक्काची मान थांबली.

"असं असंल तर मला नको," ती म्हणाली. आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. मलाही रडू आलं, कारण ती गेली तर घरात मी एकटी उरणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, माझ्या एका दिवसासाठी तुझं आयुष्य अडवून धरू व्हय? मला न्यायला चार माणसं मिळतील. तुला असा माणूस पुन्हा मिळंल काय? त्याला नुसतं बघू म्हणता आलं असतं. मी त्याची वाटच बघत हुतो. त्यो म्हणाला न्हाय."

आई उठली. तिनं ताटं घेतली. जेवताना अक्कानं मान खाली घालून, "बरं," एवढंच म्हटलं, आणि आबांनी आमटी पुन्हा वाढून घेतली.

लग्न झालं. दोघं जोतिबाला जाऊन गुलाल लावून आले, आणि पावसाच्या आधी गेले. स्टेशनवर आबांनी गाडी घड्याळात बघून सोडली. पुढं धाकट्या गावाहून फोटो यायचे. फोटोत अक्का अस्वलासारखी गुंडाळलेली, शेजारी तेवढंच गुंडाळलेलं एक पोर. डोळे दिसत तेवढ्यावरून आम्ही ती सुखात आहे हे ओळखायचं, आणि ती होती. दुसऱ्या बाळंतपणाच्या खेपेला थोरल्या गावाहून परतताना विमान आठवडाभर अडकलं, तेव्हा आबा गल्लीत सांगत होते, "तिकडचा घाट बंद हाय."

आबा गेले ते पन्नासचं दशक संपता संपता, एका सकाळी, चहा घेताना. दुखणं असं काही नव्हतं. एका शेजाऱ्यानं जाऊन तार केली. दुपारपर्यंत दारात सगळी गल्ली जमली. एस.टी.तली जुनी माणसं आली, गडमुडशिंगीहून अक्काचा थोरला दीर आला. तिरडी बांधून झाली. आमच्याकडं लेक आल्याशिवाय उचलत नाहीत. कितीही लांब दिलेली असो, रात्र झाली तरी थांबतात. मी तर तिथंच होते. पण गल्लीतल्या एका जाणत्या माणसानं विचारलं, "थोरली लेक यायची हाय न्हवं? थांबूया की."

अक्काच्या दिरानं तोंड फिरवलं. तेव्हा आई आतून उंबऱ्यापर्यंत आली. तिचा आवाज अजिबात हलला नाही.

"न्हाय, ती यायची न्हाय. ह्यांना ठावं हुतं. ठावं असूनच दिली. थांबू नगासा, उचला."